अव्वाची जागा

आमच्यात माणूस गेलं की त्याला झोपवत नाहीत, बसवतात. मांडी घालून, कपाळाला विभूती लावून, गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर ठेवून खड्ड्यात बसवतात आणि मीठ, विभूती, बेलाची पानं टाकून वरून माती लोटतात. तेही शक्यतो स्वतःच्या शेतात. ज्याला शेत नाही तो ओढ्याकाठच्या समाजाच्या मसणवट्यात जातो. शेत असून कोणाला तिथं ठेवलं तर गाव वर्षभर कुजबुजतं. लग्नानंतर मी नांदेडला असते, तिथल्या शेजारणीला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “अगं बाई, म्हणजे तुमच्या शेतात मुडदे?” मी म्हटलं, “मुडदे नाहीत, माझे वडील आहेत.” त्या दिवसापासून तिनं आमच्या शेतातली तुरीची डाळ घेणं बंद केलं.

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं यावरच आहे. माझ्या आईला, आम्ही तिला अव्वा म्हणतो, अप्पांच्या शेजारी बसायचं होतं. मेल्यावर. एवढीच तिची मागणी. दुसरं काही मागितलेलं मला आठवत नाही, आणि मागितलं असतं तरी आमच्या घरात कोणी दिलं असतं अशातला भाग नाही.

शिरूर अनंतपाळहून निलंग्याकडे जाताना आमचं गाव लागतं. नाव सांगत नाही, खटला चालू आहे. तिथं रस्त्याला लागून आजोबांची जमीन. आजोबांना दोन मुलं: थोरले मोठे अप्पा, म्हणजे माझे चुलते, आणि धाकटे आमचे अप्पा. आजोबा गेल्यावर दोघा भावांनी एका सकाळी शेतात चार शहाणी माणसं बोलावली, मधोमध बांध घातला आणि ठरवलं की उगवतीचं धाकट्याचं, मावळतीचं थोरल्याचं. विहीर नेमकी बांधावर आली, म्हणून पाणी दोघांचं. नारळ फोडला, चहा पिला, झाली वाटणी. कागदावर मात्र सगळी जमीन मोठ्या अप्पांच्याच नावावर राहिली, कारण ते एकत्र कुटुंबाचे कर्ते. तुमचं नाव लावून घ्या असं अप्पांना कोणी सुचवलं की ते म्हणायचे, “भावाचंच नाव हाय की. वैऱ्याचं हाय का?”

मला या वाक्याचा फार राग येतो. अप्पा भले होते, सगळे सांगतात. भल्या माणसांनी एकदा तलाठ्याकडे जाऊन यायला काय हरकत असते, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

अप्पा गेले ते हरभरा काढणीच्या दिवसांत. मी नांदेडहून पोचले तेव्हा त्यांना ओट्यावर बसवलेलं होतं आणि माझा धाकटा भाऊ माणसं घेऊन खड्डा घ्यायला शेताकडे निघाला होता. आमच्या बाजूला, लिंबाखाली घ्यायचं ठरलं होतं. मोठ्या अप्पांनी त्याला थांबवलं. म्हणाले, “तिकडं कडंला कशाला टाकता माझ्या भावाला? बांधावर बसवा. माझ्याकडनंबी दिसल, तुमच्याकडनंबी. दोन्ही घरची राखण करील.” एवढं बोलून तो धिप्पाड माणूस लेकरासारखा रडला. मग सगळेच रडले. आमच्या अय्यांनी, म्हणजे आमचे विधी करणाऱ्या जंगमांनी, मंत्र म्हटले आणि अप्पांना विहिरीच्या जरा पलीकडे बरोबर बांधावर बसवलं. पहिली माती माझ्या भावानं लोटली, दुसरी मोठ्या अप्पांच्या मुलानं. तो आमचा दादा. मीही मूठभर टाकली आणि मनात म्हटलं, भाऊ असावा तर असा.

आज वाटतं, मोठ्या अप्पांनी त्या दिवशी जरा कमी माया केली असती तर आमचं भलं झालं असतं.

कारण समाधीवरून नांगर जात नाही. बैलं होती तोवर औत समाधीला वळसा घालून जायचं, कधी इकडून, कधी तिकडून. पुढं ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टरला वळायला जागा लागते, म्हणून दोन्ही घरांनी समाधीच्या आणि विहिरीच्या भोवती चांगली ऐसपैस जागा सोडली. समाधीच्या मानापोटी सोडली. त्या मोकळ्या पट्ट्यात बांध कधी मोडला, कधी सपाट झाला, कोणाच्या ध्यानातही आलं नाही. येणार कसं? भांडण नव्हतं.

भांडण नव्हतं तेव्हाची येळवस मला आठवते. ही अमावस्या आमच्याकडेच, लातूर-नांदेडच्या भागातच एवढी होते. त्या दिवशी गावात आणि शहरात कुत्रंसुद्धा सापडत नाही, सगळी माणसं शेतात. आमची दोन्ही घरं मिळून त्या मोकळ्या पट्ट्यात कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून एकच कोप करायची. मोठं पातेलंभर सगळ्या शेंगाभाज्यांची भज्जी, ज्वारीचे उंडे, मडक्यात आंबील. अव्वा पहिलं पान अप्पांपुढं ठेवायची आणि मग समाधीच्या डाव्या हाताला जमिनीवरच बसून जेवायची. सतरंजी टाकली तरी तिच्यावर येत नसे. “बघून ठेवा,” म्हणायची, “माझी जागा ही.”

दादा तिची चेष्टा करायचा. “काकू, आतापासून जागा धरून बसलाव? निलंग्याची एसटी हाय का ती?”

“मग काय रे,” अव्वा म्हणायची. “रुमाल टाकून ठेवलाय मी. दुसरं कोणी बसलं तर उठवीन.”

सगळे हसायचे. मोठे अप्पा सगळ्यात मोठ्यानं हसायचे. पुढं ते लातूरला दादाकडे राहायला गेले, तिथंच गेले, आणि त्यांना तिथल्याच मसणवट्यात ठेवलं. गावाकडे आणायचं म्हणाले होते बहुतेक, पण पाऊस लागला होता आणि घाई होती.

मग तो रस्ता मोठा झाला. कुठून कुठं जाणारा म्हणून निघाला देव जाणे, पण आमच्या शेताच्या तोंडावरून गेला आणि ज्या रानात आम्ही तूर पेरत होतो त्याला लोक एकदम प्लॉट म्हणायला लागले. दादानं वडिलांच्या मागं स्वतःचं नाव लावून घेतलं. त्यात काही गैर नाही, वारस आहे. माझा भाऊ कसल्याशा कामाला सातबारा काढायला गेला, तेव्हा त्याला कळलं की आम्ही नाहीच. अप्पा नाहीत, तो नाही, मी तर नाहीच नाही. आयुष्यभर ज्या जमिनीत राबलो तिच्या कागदावर आमचा मागमूस नव्हता.

तो तसाच उठून लातूरला गेला. दादाची तिथं आडत आहे, तिथं माणसांसमोर हा मोठ्यानं बोलला. दादाही बोलला. घरी समजुतीनं मिटलं असतं ते चारचौघांत झालं म्हणून मिटलं नाही. दादा आजही म्हणतो की अर्धी जमीन तुमची, मी कुठं नाही म्हणतोय? पण बांध समाधीच्या आणि विहिरीच्या उगवतीला होता. माझ्या बापानं भावाला आपल्या जमिनीत जागा दिली, ते उपकार विसरलात का? माझा भाऊ म्हणतो, बांध मावळतीला होता. आम्ही आमचा बाप आमच्या जमिनीत बसवला, उपकार कसले? म्हणजे भांडण त्या मोकळ्या पट्ट्याचं. विहीर त्यात, रस्त्याचं तोंड त्यात, आणि अप्पाही त्यात.

दोघंही त्या दिवशी तिथं होते. दोघांनी आपल्या हातानं माती लोटली. अप्पा बांधावर बसलेत हे दोघांना स्वतःच्या नावाइतकं माहीत आहे. पण बांधावर म्हटलं तर पट्टा निम्मा-निम्मा करावा लागतो आणि खटला तिथंच संपतो. ते कोणालाच नको होतं. मला विचाराल तर दोघांच्याही कानफटात द्यायला पाहिजे होती, पण तेवढं वडीलधारं कोणी उरलं नव्हतं.

भावानं दावा लावला. वकिलानं शेताचा नकाशा काढला, त्यात विहीर म्हणजे गोल आणि अप्पा म्हणजे एक छोटा चौकोन. कोर्टानं सांगितलं, निकाल लागेपर्यंत जैसे थे. त्या पट्ट्यात कोणी पेरायचं नाही, बांधायचं नाही, खणायचं नाही. भाऊ घरी येऊन हे सांगत होता, जिंकल्यासारखा सांगत होता. अव्वा चुलीपुढं भाकरी थापत होती. तिनं मागं न बघता विचारलं, “मग मला कुठं खणणार?”

भाऊ म्हणाला, “अव्वा, तोवर निकाल लागतोय की.”

लागला नाही. तारखा पडत गेल्या. येळवशीला आधी दोन कोपी झाल्या, एक पट्ट्याच्या इकडं, एक तिकडं, एकमेकांकडे पाठ करून. दादाकडची लेकरं आमच्याकडे उंडे मागायला यायची ती बंद झाली. मग कोणीच येईना. समाधीभोवती वेडी बाभूळ माजली. एकदा अव्वा कोयतं घेऊन ती तोडायला गेली तर भाऊ धावत आला, तोडू नको, ते तक्रार करतील, फोटो काढतील म्हणाला. अव्वा बाभळीच्या बाहेरूनच हात जोडून परत आली. तिच्या पायात काटा मोडला होता, तो मी संध्याकाळी सुईनं काढला. मीच बोलत होते, दोन्ही भावांना तोंडाला येईल ते.

पुढं तिला बरं नव्हतं म्हणून मी तिला नांदेडला आणलं. दवाखाना जवळ, आणि भावाच्या घरी दिवसभर दाव्याशिवाय दुसरा विषय नसायचा. किडन्या काम करेनात. डॉक्टर मला बाजूला घेऊन बोलले ते अव्वाला न सांगताच कळलं होतं. त्या दिवसापासून ती रोज एकदा तरी विचारायची, “बाई, माझ्या जागेचं काय केलं?” दुसऱ्या बायका नातवंडांचं विचारतात, दागिन्यांचं विचारतात. ही जागेचं विचारायची. जेवण नको, औषध नको, जागेचं काय केलं? शेवटी मी उठले आणि लातूरला दादाकडे गेले. भावाला सांगितलं नाही.

दादानं मला दारातच “ये बाई” म्हटलं. वहिनीनं चहा केला, शेव-चिवडा ठेवला. तो म्हातारा दिसत होता. मी सरळ सांगितलं, अव्वा जास्त दिवस काढत नाही, तिला अप्पांजवळ बसायचं आहे, तू आडवा येऊ नको. दादानं बशीतला चहा हलवला.

“काकूनं मला अंगाखांद्यावर खेळवलंय,” तो म्हणाला. “मी नाही म्हणलो तर माझं थोबाड फुटल.”

“मग?”

“पण वकील म्हणतोय, एकदा समाधी झाली की ताबा झाला. कोण उकरणार हाय? बाई, तू असं कर. त्याला चार ओळी लिहून द्यायला सांग, की समाधी केली म्हणून जमिनीवर हक्क सांगणार नाही. मी सोताच खड्डा घ्यायला येतो.”

मला पटलं. खरंच पटलं. मी त्याच्या जिन्यातूनच भावाला फोन लावला. मी लातूरला दादाकडे आहे म्हटल्यावर आधी त्यानं मला धू धू धुतलं. मग म्हणाला, “अक्का, तुला काय बी कळत न्हाई. असं लिहून दिलं म्हणजे जमीन आपली नव्हती हे कबूल केल्यासारखं हाय. वकील म्हणलाय एक अक्षर लिहायचं न्हाई.” मी वर जाऊन दादाला सांगितलं. दादा म्हणाला, बघ, मी सांगत नव्हतो? दोघांचे वकील कोर्टासमोरच्या एकाच टपरीवर एकमेकांना चहा पाजतात, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं आहे. आम्हाला मात्र एका ओट्यावर बसायची चोरी. मी चिवड्याला हात न लावता उठले आणि रडत बसस्टँडवर आले. बस भरलेली होती, उभ्यानं नांदेड गाठलं.

अव्वाला मी खोटं सांगितलं. म्हटलं, दादा हो म्हणाला. ती म्हणाली, “आणि तुझा भाऊ?” तिला सगळं कळायचं.

त्यानंतर भाऊ तिला बघायला आला. येताना तिच्यासाठी गावाकडची बोरं घेऊन आला, तिला आवडतात म्हणून शोधून आणलेली. मी अव्वाला दुधात भाकरी कुस्करून भरवत होते. त्याचा फोन वाजला, तो शेजारच्या खोलीत गेला. आमच्या घराच्या भिंती काय, पडद्यासारख्या. त्याचा प्रत्येक शब्द इकडं ऐकू येत होता.

“हाव वकीलसाहेब. न्हाई न्हाई, गावाकडंच आणतो. जेसीबीवाल्याला सांगून ठेवलंय, अर्ध्या तासात खड्डा हुतोय... हाव, त्यानं अर्ज करायच्या आत. एकदा बसवलं की कोण काढतंय... हाव की. नवरा-बायकोच्या दोन समाध्या झाल्या की ताबा पक्का.”

मी अव्वाच्या तोंडाकडे बघितलं नाही. वाटीत चमचा फिरवत बसले. घास पुढं केला तर तिनं तोंड उघडलं नाही. तेवढ्यात भाऊ आत आला, तिच्या पायाशी बसला आणि पाय चेपायला लागला. सूज आली होती पायांवर, ती बघून त्याचे डोळे भरले. तो रडला ते खोटं नव्हतं आणि फोनवर बोलला तेही खोटं नव्हतं. हीच तर पंचाईत आहे. नुसता नालायक असता तर मी त्याला तेव्हाच घराबाहेर काढला असता.

तो गेल्यावर दोन दिवस अव्वानं जागेचा विषय काढला नाही. तिसऱ्या सकाळी मी तिची वेणी घालत होते, केस म्हणजे नावालाच उरलेले. ती खिडकीकडे बघत म्हणाली, “मला तिथं नका ठेवू.”

“कुठं?”

“शेतात. वढ्याच्या कडंला समाजाचं मसण हाय तिथं ठेवा. सगळेच हायत की तिथं.”

मी भडकले. म्हटलं, जन्मभर त्या जागेचं धरून बसलीस, माझं डोकं खाल्लंस, मला लातूरला जाऊन हात पसरायला लावलेस आणि आता म्हणतेस नका ठेवू? तिनं मला बोलू दिलं. माझं संपल्यावर म्हणाली, “तुझ्या अप्पाला इतकी वर्सं साक्षीला धरलंय ह्यांनी. ते बिचारं बसलंय गप, आन हे दोघं त्याला इकडं वढ, तिकडं वढ. मला तसं नका करू, बाई. मी काय पुरावा हाय का?”

मी वेणीचा पुढचा पेड घातला.

“आणि अप्पा?” मी विचारलं. “ते एकटे राहतील.”

“त्यास्नी सांग कव्हातरी,” ती म्हणाली. “म्हणावं, रुमाल उचलला तिनं.”

मी वेणी अर्धीच सोडून स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून रडले. नळ अशासाठी की तिला ऐकू जाऊ नये. ज्या बाईनं आयुष्यात एक गोष्ट मागितली तीही तिला स्वतःच्या तोंडानं परत करावी लागली. आणि मागितली कोणाजवळ होती? पोटच्या पोराजवळ, अंगाखांद्यावर खेळवलेल्या पुतण्याजवळ. त्या दिवशी मला आमच्या सगळ्या खानदानाची शिसारी आली, त्यात मीही आले.

काही आठवड्यांनी ती गेली, भर दुपारी, माझा हात धरून. भाऊ नांदेडला आला, आम्ही ॲम्ब्युलन्सनं तिला घेऊन निघालो. लोहा गेलं, अहमदपूर गेलं. रस्ताभर तो फोनवर होता. मी त्याला तीनदा सांगायचा प्रयत्न केला, त्यानं तीनदा हात दाखवून मला थांबवलं. गावात घरी नेऊन आंघोळ घातली, विभूती लावली, फुलांनी सजवलेल्या विमानात, खांद्यावरून न्यायच्या पालखीत, बसवलं. टाळ वाजायला लागले आणि विमान शेताच्या वाटेला लागलं.

रस्त्याच्या तोंडाला जेसीबी उभा होता. त्याच्या पुढं दादा, त्याची माणसं आणि एक पोलीस, हातात कोर्टाचा कागद. टाळ थांबले. अव्वा मध्ये, विमानात बसलेली, मान जरा कलंडलेली. भाऊ ओरडायला लागला, आईला मातीसुद्धा देऊ देत नाही का रे. दादा खाली बघून म्हणाला, मी काय करू, कोर्टाचा आदेश आहे. कोणीतरी मोबाईलवर शूटिंग करत होतं. अय्या बेलाची परडी घेऊन बाजूला दगडावर जाऊन बसले.

मग मी पुढं झाले आणि सगळ्यांसमोर सांगितलं की अव्वाला इथं बसायचं नव्हतं. तिनं मला सांगितलं आहे, ओढ्याकाठी ठेवा म्हणून.

भाऊ माझ्याकडे बघत राहिला. “तुला एकटीला कसं सांगितलं? मला कामून सांगितलं न्हाई?”

“तू फोनवर होतास,” मी म्हटलं.

त्याला ते लागलं. लागायलाच पाहिजे होतं. त्यानं जरा दम घेतला आणि तेवढ्या माणसांत मला विचारलं, “दादानं किती कबूल केलंय तुला? म्हणून सही देईनास व्हय?” माझा हिस्सा त्याच्या नावे सोडून द्यायच्या कागदावर मी सही केली नव्हती, त्याबद्दल तो बोलत होता. माझं तोंड वाईट आहे असं माहेरी-सासरी दोन्हीकडे सांगतात. त्या दिवशी मी ते वापरलं नाही. मी विमानाच्या दांड्याला हात घातला आणि ओढ्याच्या दिशेनं वळवलं. दादानं चपला काढल्या आणि मागच्या बाजूला खांदा दिला. भावानं त्याला अडवलं नाही, पण तो विमानाच्या बराच मागून चालत आला.

ओढ्याकाठी जागा कमी आहे. अव्वाला ज्या समाधीशेजारी बसवलं ती कोण्या गृहस्थाची आहे, नाव पुसलं गेलं आहे. अव्वानं जन्मात परक्या पुरुषाशेजारी बसून चहा घेतला नव्हता. दादा माती लोटताना मोठ्यानं रडला. भावानं मूठ टाकली आणि कोणाशी न बोलता निघून गेला. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. राखी पाठवली तर पाकीट न फोडता परत आलं.

मी एवढ्यावरच मनाची समजूत घातली होती की निदान तिचं म्हणणं राहिलं. जिवंतपणी तिचं काही चाललं नाही, पण मेल्यावर तिला कोणाच्या दाव्यात ओढता आलं नाही.

मग मला साक्षीला बोलावणं आलं. जमिनीत मुलीचाही हिस्सा, म्हणून दाव्यात माझंही नाव आहे. मी पिंजऱ्यात उभी राहिले. समोर एका बाकावर भाऊ, दुसऱ्या बाकावर दादा. दादाचा वकील तरुण होता, बोलायला गोड. त्यानं विचारलं, “बाई, तुमच्या समाजात नवरा-बायकोला शेजारी बसवायची पद्धत आहे ना?”

“आहे,” मी म्हटलं.

“स्वतःच्या शेतात?”

“हो.”

“आणि तुमचे वडील तुमच्याच जमिनीत बसलेत असं तुमचं म्हणणं आहे. मग आईला त्या शेतात न ठेवता सार्वजनिक जागेत का ठेवलं? ती जमीन आपली नाही हे तुमच्या आईंना माहीत होतं, म्हणूनच ना?”

“नाही साहेब. ती म्हणाली होती, की मी...”

“बाई, गोष्ट नको. हो किंवा नाही एवढंच सांगा. आईला त्या जमिनीत ठेवलं?”

आमचा वकील उठला, तेव्हा कोर्टाची मनाई होती असं काही म्हणाला, तुमची पाळी नंतर असं ऐकून परत बसला. भाऊ माझ्याकडे बघत होता, कितीतरी दिवसांनी पहिल्यांदा. दादा मात्र खाली फरशीकडे बघत होता. त्याच्या वकिलानं हे विचारणार म्हणून त्याला आधी सांगितलं असावं.

“नाही,” मी म्हटलं.

टाइप करणाऱ्यानं ते मोठ्यानं म्हणत टाइप केलं, हे म्हणणे खरे आहे की माझ्या आईस वादातील जमिनीत ठेवलेले नाही. मग कागद माझ्यापुढं सरकवला आणि वाचून सही करा म्हणाला. मी चष्मा लावून वाचलं. त्यात काही चूक नव्हती. मी सही केली.